सतराव्या नंबरची हजेरी

जैनुद्दीन हा गावच्या नव्या हायस्कुलाचा पहिला शिपाई. हायस्कूल आपलं नावाला. प्रवरेकाठची कापसाची रिकामी वखार, बसायला तरटं आणि आढ्याला टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. पण तो रूळ जैनुद्दीननं ठोकला की अर्धं गाव त्यावर वेळ लावायचं, आणि गडी उगाच मिशीवरून हात फिरवायचा. शाळा भरताना सावकाश पाच टोल, सुटताना भराभरा घणघणाट, अशी त्याची पद्धत.

त्याची मलिका आठवीत होती. वर्गात मुलगी ती एकटीच, हजेरीत सतरावी. घर नदीपलीकडे. बापाचा पहिला टोल ऐकूनच निघायची, गुडघाभर पाण्यातून पळत यायची आणि ऐन हजेरीला धापा टाकत खिडकीजवळच्या तरटावर बसायची. बाप घंटा देणारा, अन् लेकीला रोज उशीर. मास्तर हसायचे.

सेहेचाळीस साली दिवाळीनंतर पटकीची साथ आली आणि एका रात्रीत मलिकाला घेऊन गेली. तिला नदीपलीकडच्या कबरस्तानात पुरलं. आठ दिवसांवर शाळेची तपासणी होती. आठवीला मान्यता हवी तर पटावर वीस मुलं पाहिजेत, आणि मलिकाला धरून होती नेमकी वीस.

आठवीचा वर्ग घेणारे हेडमास्तर राधाकृष्णराव त्याच्याजवळ आले.

“तिचं नाव तेवढं पटावर राहू द्या, जैनुद्दीन. आजारी आहे म्हणून सांगू. नाहीतर वर्ग बंद होईल.”

“ऱ्हाऊ द्या. तिची बी शाळा हाय.”

लेकीसाठी रडायचं त्यानं त्या दिवशी पुढं ढकललं.

तपासणीच्या साहेबांनी हजेरी स्वतःच घेतली, मान वर न करता.

“सतरा. मलिका जैनुद्दीन.”

मास्तर खोटं बोलायला उठले, तोच खिडकीजवळच्या रिकाम्या तरटावरून धापा टाकत आवाज आला, “हजर.”

साहेबांनी खूण केली आणि अठरा म्हटलं. एकोणीस पोरांनी माना खाली घातल्या. दारातल्या जैनुद्दीनच्या हातातला हातोडा त्याच्याच पायावर पडला, पण अंगठा सुजल्याचं त्याला संध्याकाळी कळलं.

मान्यता आली. मास्तर नाव खोडायला बसले, तर जैनुद्दीननं त्यांचा हात धरला. “आजचा दिस ऱ्हाऊ द्या.” आज-उद्या करता करता महिना गेला. रोज सतराला आवाज यायचा. रोज तरटावर दोन ओली पावलं उमटायची. नाव पुकारताना मास्तरांच्या तोंडचं पाणी पळायचं, पोरं त्या खिडकीकडे बघायची नाहीत. जैनुद्दीन मात्र खुशीत होता. इतका खुशीत, की त्याच्याकडे बघूनच भीती वाटावी.

त्याच्या बायकोच्या, मुबारकबीच्या कानावर हे गेलं. एका सकाळी ती वर्गाच्या दाराशी उभी राहिली, हजेरी ऐकली आणि परतली. संध्याकाळी भाकरी वाढताना म्हणाली, “धाप लागलीया तिला.”

“काय?”

“मेलेल्या मानसाला नावानं हाक मारू न्हाई. तुमी रोज टोल देऊन बोलावताय. कबरस्तानातून पळत येती ती. लई लांब हाय.”

जैनुद्दीननं हातातला घास ताटात परत ठेवला. महिनाभर त्यानं “हजर” तेवढं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच त्यानं मास्तरांकडे लेकीचा दाखला मागितला.

“शाळा सोडण्याचं कारण?” मास्तरांनी सवयीनं विचारलं आणि विचारून ओशाळले.

“लिवा, बापानं सुट्टी दिली.”

मग त्यानं रुळावर भराभरा घणघणाट केला. शाळा भरायच्या आधीच सुटल्याची घंटा. गाव बुचकळ्यात पडलं. नदीपलीकडं नाद विरेपर्यंत तो थांबला आणि नंतर सावकाश पाच टोल दिले.

मास्तरांनी सोळा म्हटलं, थांबले, आणि अठरा म्हटलं. खिडकीकडून काही आलं नाही.

जैनुद्दीन आत आला आणि तरटावरून हात फिरवून पाहिला. तरट कोरडं होतं. तेव्हा तो एकोणीस पोरांसमोर बसून रडला.