मागच्या अंगणात पसरलेली गोधडी

देवळाली कॅम्पच्या पुढे वस्ती संपते तिथे आमचं घर आहे. मागच्या अंगणाला दोन बाजूंनी भिंत, एका बाजूला घर, आणि उरलेल्या बाजूला नुसतं तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा ऊस. मी गोधड्या शिवते. तुकडे मशीनवर जोडून घेते, पण थर एकत्र आणणारा धावदोरा हातानेच घालते. मोठी गोधडी घरात पसरायला जागा नाही, म्हणून ते काम अंगणात सतरंजीवर चालतं.

त्या थंडीत मुलीसाठी एक शिवायला घेतली होती. ती पहिलीत होती. सासूबाईंनी ट्रंकेतून आपली दोन जुनी लुगडी काढून दिली, आत सासऱ्यांची धोतरं घातली. सासूबाई सिन्नरकडच्या खेड्यातल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला अजिबात तयार नाहीत. तरी बोटांनी चाचपून टाका घालायच्या आणि तो सरळ यायचा.

दिवाळीनंतर आमचा कुत्रा गेला. सकाळी भाकरी घालायला गेले तर साखळी कुंपणापाशी पडलेली, गळ्यातला पट्टा तसाच अडकवलेला. पट्ट्याला रक्त वगैरे काही नव्हतं. नवरा म्हणाला, "मान काढून पळाला असेल. येईल भूक लागल्यावर."

तो आला नाही. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या मळ्यातली शेळी गेली. मग दुधवाला सांगू लागला की ओढ्याच्या चिखलात पंजे उमटलेत. नवऱ्याने अंगणात मोठा दिवा लावला आणि रात्री कोणी मागे जायचं नाही असं ठरलं. दिवसाचं काही कोणाच्या मनात आलं नाही. दिवसा रस्त्यावर वर्दळ असते, तोफखान्याच्या सरावाचे आवाज येत असतात, खिडकीच्या काचा थरथरतात. एवढ्या गडबडीत कोण येणार?

मला मात्र मशीनवर बसलं की मागच्या खिडकीकडे बघायची सवय लागली. वारा नसताना उसाचा एखादाच पट्टा हलायचा आणि थांबायचा. डुक्कर असेल, मी स्वतःला सांगायची. सासूबाईही एकदा शिवता शिवता हात थांबवून म्हणाल्या, "आज साळुंक्या वरडत नाय." मी कान दिला. खरंच, एकही पाखरू बोलत नव्हतं.

ते झालं त्या दिवशी नवरा सिन्नरला कंपनीत होता. ऊन कलायला आलं होतं. सासूबाई सतरंजीवर बसून गोधडीच्या कडेला टाके घालत होत्या. थंडी वाजत होती म्हणून अर्धी गोधडी त्यांनी पायांवर ओढून घेतली होती. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. थोड्या वेळाने ती डोळे चोळत आत आली, पाणी प्यायली आणि माझ्या मशीनखाली चिंध्या घेऊन बसली. मी एका गिऱ्हाइकाची ऑर्डर पुरी करत होते. बाहेरून सासूबाईंचं बोलणं ऐकू येत होतं. त्या पुष्कळदा स्वतःशीच बोलतात.

दोरा संपला म्हणून मी पाय थांबवला, तेव्हा शब्द कळले.

"आला का रं? कुठं गेलता इतके दिस? वाळलास जणू."

मी खिडकीतून पाहिलं. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. त्यांच्यासमोर, गोधडीच्या दुसऱ्या टोकाला, बिबट्या होता. त्याने गोधडीचा कोपरा तोंडात धरला होता आणि तो मागे सरकत ओढत होता. सासूबाई दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत होत्या. "सोड, मेल्या, पोरीची हाय ती," असं म्हणत होत्या, अगदी सावकाश, घरच्या जनावराला दटावतात तसं.

मी मुलीला तिथेच बसायला खुणावलं. मागचं दार पत्र्याचं आहे. इस्त्री उचलली आणि दारावर आपटत सुटले. किती वेळा आपटली कोण जाणे. दार उघडून बाहेर आले तेव्हा सासूबाई मागे कलंडल्या होत्या आणि गोधडी तारेखालून फरफटत उसात शिरत होती. तिचं शेवटचं टोक दिसेनासं झालं. ऊस थोडा वेळ हलला आणि थांबला.

"कुत्र्यावर कशाला आदळआपट करतीस?" सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना काखेत हात घालून आत ओढलं आणि कडी लावली. तेव्हा काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी नवरा आला, वनखात्याची माणसं आली, कुंपणापाशी बॅटऱ्या फिरल्या, तेव्हा सांगावंच लागलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे कुत्रं नव्हतं ते."

"नाही, आई."

"लय वेळ बसलं व्हतं गं. श्वास ऐकू यायचा. मी आपली बोलत व्हते त्याच्याशी."

नवऱ्याने विचारलं, "लय वेळ म्हणजे कधीपासून?"

सासूबाईंनी मुलीकडे तोंड वळवलं. "ही निजली व्हती ना मांडीवर. तवापास्नं."

नवरा उठून मोरीत गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. मी मुलीला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, दुखतंय," तेव्हा कळलं की मी तिला किती आवळून धरलंय.

अंगणात पिंजरा लागला, आत कोंबडी ठेवली. ती मरून गेली तरी पिंजऱ्यात कोणी आलं नाही. पुढे दोन मळे सोडून एका द्राक्षबागेतल्या पिंजऱ्यात बिबट्याची मादी सापडली. वनखात्याचा एक म्हातारा शिपाई मला म्हणाला, "ताई, हिला पिल्लं आहेत. ती कुठं आहेत ते आम्हाला कळलं नाही."

ऊसतोड झाल्यावर गोधडी मिळाली. मजुरांनी कुंपणावर आणून टाकली, मातीने कडक झालेली. सासूबाई ती धुऊन सांधायला निघाल्या होत्या. नवऱ्याने ऐकलं नाही, जाळून टाकली. आता कुंपणाच्या जागी भिंत आहे, माझी मशीन रस्त्याकडच्या खोलीत आहे आणि मोठ्या गोधड्यांच्या ऑर्डरी मी घेत नाही.

सासूबाई मात्र दुपारी मागे बसायला जातातच. दार लावून घुसमटतं म्हणतात. मग मीही जाते आणि घराला पाठ टेकून बसते. परवा त्या म्हणाल्या, शेजाऱ्यांनी पुन्हा ऊसच लावलाय, वास येतोय. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. कोंब वीतभर वर आले होते.