टेपवर नसलेली दोन वाक्यं

२०२१च्या जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात एका भाड्याच्या घरात कार्बन मोनॉक्साइड वायू साचला. घरात नवरा-बायको होते. केदार गेला. मृणाल वाचली. ती वाचली, कारण पंधरा-वीस किलोमीटरवरच्या आर्नहेममधून मी आपत्कालीन सेवेला फोन केला.

फोन का केला, याचं पोलिसांना दिलेलं उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहितो आहे. मृणालने छापायला संमती दिली आहे. नावं बदलली आहेत.

मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. पिंपळाखाली दिसणारी बाई, बंद खोलीतली पावलं... अशा बातम्या मीच कचरापेटीत टाकल्या. गूढ अनुभवांचं हे सदर वाचतो, पण विश्वास कधी बसला नाही. आजही मी भुताखेतांवर विश्वास ठेवतो, असं कोणी समजू नये. जे घडलं ते क्रमाने देतो.

बायकोच्या – शुभांगीच्या – नोकरीमुळे आम्ही आर्नहेमला आलो. मला इथे एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या राजकीय कारकिर्दीची कागदपत्रं आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, यांच्या प्रती प्रकल्पाकडे होत्या. राष्ट्राध्यक्षांचं नाव देत नाही. दिलं तर पुढची सगळी चर्चा त्यांच्या राजकारणावर होईल.

मृणाल त्याच प्रकल्पात संशोधक होती. मूळची सांगलीची. तिचा नवरा केदार नायमेखनलाच एका चिप बनवणाऱ्या कंपनीत होता, पाळीने काम करायचा. लॉकडाऊनमध्ये आमची वाचनखोली बंद झाली आणि टेप तपासण्याचं काम घरी आलं.

ते काम असं. टेपवरून कोणीतरी पूर्वीच उतरवून काढलेला मजकूर असतो. त्यात गाळलेलं, चुकीचं ऐकलेलं बरंच असतं. मृणालला मी आमच्या जुन्या प्रूफ-खोलीची पद्धत शिकवली होती. एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट – कॉमा, स्टॉप, नवा पॅरा. दुसऱ्याने मूळ ताडून बघायचं. इथे मूळ म्हणजे टेप. ती नायमेखनहून फोनवर वाचायची. माझ्या एका कानात फोन, दुसऱ्या कानात टेप. काही राहिलेलं असलं की मी टेप थांबवून ते वाक्य सांगायचं आणि तिने तिच्या प्रतीत टाइप करायचं. आमच्या डच सहकाऱ्यांना हा प्रकार विनोदी वाटायचा. चुका मात्र आमच्याच कमी निघायच्या.

त्या आठवड्यात राष्ट्राध्यक्षांच्या एका जुन्या ड्रायव्हरची मुलाखत चालली होती. राष्ट्राध्यक्ष तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, एका पडेल जागेचे उमेदवार होते. ड्रायव्हर त्यांना गावोगाव फिरवायचा. मुलाखत घेतली तेव्हा तो म्हातारा झाला होता. बोलणं संथ, खर्जातलं, प्रत्येक वाक्यानंतर श्वास. उमेदवार मागच्या सीटवर बूट काढून झोपायचे. पुढच्या गावात कोणाला भेटायचं, त्याच्या बायकोचं नाव काय, हे ड्रायव्हर आधी सांगायचा. मग ते उतरून त्या माणसाला वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखी मिठी मारायचे. कागदपत्रं काही ठिकाणी वेगळंच सांगत. ज्या दिवशी गाडीने गेलो असं तो म्हणतो, त्या दिवसाच्या दौऱ्यात रेल्वे लिहिलेली आहे. असे फरक टिपून ठेवणं हेच आमचं काम होतं.

हा ड्रायव्हर मरून बरीच वर्षं झाली आहेत.

आता घराबद्दल. त्या काळात घरी फार पाहुणे बोलवायला परवानगी नव्हती, म्हणून संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी एकटाच मृणालकडे गेलो होतो. इथल्या खिडक्यांच्या वरच्या कडेला हवा येण्यासाठी एक लांबट जाळी असते. ती थंडीत बंद करायची नाही, असं घरमालक सांगतात. आपल्याकडून आलेल्यांना ते पटत नाही. केदारने सगळ्या जाळ्यांवर खाकी चिकटपट्टी लावली होती. बाथरूमच्या दाराखालच्या फटीत टॉवेल होता.

"साहेब, हे लोक आधी घर तापवतात, मग भोक पाडून बाहेर सोडतात," तो म्हणाला. "मी कोल्हापूरचा. आम्ही सोडत नाही काही."

"घरमालक ओरडेल," मी म्हणालो.

"तो येतोय कुठे? गीझर बघायला माणूस पाठवणार होता, तोसुद्धा कोरोना संपल्यावर म्हणाला."

मृणाल आतून म्हणाली, "दादा, त्याला बोलण्यात अर्थ नाही. माझं डोकं दुखतंय तरी खिडकी उघडू देत नाही."

तिचं डोकं त्यानंतरही दुखत राहिलं. मळमळ सुरू झाली. त्या दिवसांत अशा तक्रारीचा एकच अर्थ लावला जाई. तिने कोरोनाची टेस्ट केली, निगेटिव्ह आली. हाउसआर्ट्सला – म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला – फोन केला. त्याने पॅरासिटामॉल घेऊन घरीच थांबायला सांगितलं.

"पाय तुटला तरी हे पॅरासिटामॉलच देतील," मृणाल फोनवर म्हणाली होती.

बाथरूममध्ये गॅस गीझर होता. गॅस गीझरने बाथरूममध्ये मृत्यू, ही बातमी पुण्यात दर हिवाळ्यात डेस्कवर यायची. त्या बातमीला मी मथळे दिलेले आहेत. तरीही मृणालची डोकेदुखी ऐकून मला त्या बातम्या आठवल्या नाहीत.

मंगळवारी दुपारच्या जेवणानंतर आम्ही काम सुरू केलं. आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शुभांगी. तिची ऑफिसची मीटिंग चालली होती. मंगळवारी केदारची दिवसपाळी असे, त्यामुळे मृणाल घरी एकटी आहे असं मी धरून चाललो होतो. तो डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आला होता आणि गरम पाण्याने अंघोळ करायला गेला होता, हे मला नंतर कळलं. मृणालने फोनवर ते सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणही नव्हतं.

ड्रायव्हर पहिल्या पराभवाबद्दल सांगत होता. निकाल लागल्यावर उमेदवार हॉटेलात जायला तयार होईनात. गाडीतच बसून राहिले.

मृणालचं वाचन संथ झालं होतं. एक ओळ तिने दोनदा वाचली.

"मृणाल, ती ओळ झाली."

"हो का? सॉरी दादा. अक्षरं नाचतायत."

"थांबू या का?"

"नको. हे पान होऊ दे. मग चहा टाकते."

ती पुढे वाचू लागली. मी टेप सुरू केली. ड्रायव्हर सांगत होता की हॉटेलचा मालक छत्री घेऊन बाहेर आला. मग त्याच आवाजात, त्याच चालीत, त्याने दोन वाक्यं म्हटली. इंग्रजीत. त्यांचा अर्थ असा – ती मुलगी वाचायची थांबली आहे, तिला बाहेर काढा. आत जो माणूस आहे, त्याला उशीर झाला. मग पुन्हा छत्री, हॉटेलचा मालक.

मी दचकलो नाही. हे नोंदवणं मला महत्त्वाचं वाटतं. मजकुरात नसलेली दोन वाक्यं टेपवर आहेत, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी टेप थांबवली आणि सवयीप्रमाणे फोनवर सांगितलं, "मृणाल, इथे दोन वाक्यं राहिलीत, टाइप कर." आणि दोन्ही वाक्यं इंग्रजीत, सावकाश, मोठ्याने सांगितली.

शुभांगीने हेडफोन काढला. "कुठला माणूस?"

"काय?"

"आत्ता म्हणालास ना, आतल्या माणसाला उशीर झाला. कुठला माणूस?"

तोपर्यंत मी फक्त शब्द सांगत होतो. आता मी ते ऐकले. टेप बंद होती. फोन चालू होता. फोनवर पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मी मृणालला हाका मारल्या. पाणी वाहत राहिलं.

"तो फोन ठेवू नकोस," शुभांगी म्हणाली. तिने स्वतःच्या फोनवरून आपत्कालीन क्रमांक लावून माझ्या हातात दिला.

मी पत्ता सांगितला. घरात किती माणसं आहेत, असं पलीकडच्या बाईने विचारलं. मी "एक" म्हणालो. मग म्हणालो, "दोन असतील." आणि मग, कसं कोण जाणे, गीझरचं नाव घेतलं.

अग्निशमन दलाने खिडकी फोडली. ते मला मृणालच्या फोनवरूनच ऐकू आलं. काचेचा आवाज, डचमध्ये ओरडणं, कसल्या तरी यंत्राचा सतत वाजणारा भोंगा. मग कोणीतरी फोन उचलून बंद केला.

मृणाल खुर्चीवरून खाली पडलेली सापडली. केदार बाथरूममध्ये होता. नळ चालू होता.

तिला ऑक्सिजनवर ठेवलं. ती शुद्धीवर आली तेव्हा खोलीत कोणालाच जाता येत नव्हतं. दवाखान्याचे तसे नियम होते. केदारचं तिला एका नर्सने सांगितलं. केदारच्या आई-वडिलांना कोल्हापूरहून येता आलं नाही. त्यांनी अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले. फोन मी धरला होता. मध्येच केदारचे वडील म्हणाले, "जरा डावीकडे घ्या, चेहरा दिसत नाही." मी घेतला.

पोलिसांनी मला विचारलं, नवरा घरी आहे हे तुम्हाला कसं कळलं? पाण्याचा आवाज येत होता, असं मी सांगितलं. ती वाचायची थांबली आणि पाणी वाहत होतं. हेच ते अर्धं उत्तर.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मी तो भाग लावला. छत्री, हॉटेलचा मालक, उमेदवारांनी काच खाली केली, मालकाशी दोन शब्द बोलले. सगळं सलग. मध्ये खंड नाही, श्वासापुरतीही जागा नाही. मी तो भाग कितीदा ऐकला, ते सांगण्यात अर्थ नाही.

प्रकल्पात ध्वनिफितींचं काम योके नावाची बाई बघते. तिला मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. जुन्या टेप पुन्हापुन्हा वापरत, आधीचं बोलणं कधीकधी पुसट मागे राहतं, असं म्हणून तिने मूळ संग्रहाकडून नवी प्रत मागवली. ती यंत्रावर तपासली. खाली काहीही नव्हतं.

"तू आधी तिचं थांबणं ऐकलंस," योके म्हणाली. "लक्ष टेपकडे होतं, म्हणून डोक्याने ते टेपच्या आवाजात सांगितलं. पाणीसुद्धा तू आधीच ऐकलं असणार."

"उशीर झाला, हे?"

"ते तुला नंतर आठवत असेल. नंतर कळलेल्या गोष्टी आठवणीत शिरतात. आपण दोघं याच कामाचा पगार घेतो."

"शुभांगीने तेव्हाच ऐकलं. कुठला माणूस, असं विचारलं तिने."

"ती टेप ऐकत होती का?"

"नाही. मला ऐकत होती."

"मग तो एकच स्रोत झाला," योके म्हणाली. "तू पत्रकार होतास ना?"



मृणाल वसंतात भेटली. नायमेखनला नदीकाठी, नियमाप्रमाणे अंतर ठेवून, आम्ही चालत होतो. ती बारीक झाली होती. बोटांना कंप होता. तो जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. बराच वेळ ती घर सोडण्याबद्दल, सामानाबद्दल बोलली. मग म्हणाली, "दादा, मला पाणी ऐकू येत होतं."

आम्ही चालत राहिलो.

"मी वाचत होते तेव्हा. आज किती वेळ अंघोळ चाललीय याची, असं मनात आलं. उठावं असंही आलं. मग म्हटलं, हे पान होऊ दे. तेव्हा तो जिवंत होता का, एवढंच मला कोणीतरी सांगावं. मी उठले असते तर तो असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. माझ्या सासूबाई रोज फोनवर तेच विचारतात. रागाने नाही. विचारतात फक्त."

तेव्हा मी तिला टेपचं सांगितलं. सगळं. योकेचं म्हणणंही.

ती कठड्याला टेकून उभी राहिली. "तो असंच म्हणाला? माणसाला उशीर झाला?"

"मी तसं ऐकलं."

"तू बातमी देतोयस, की माझी समजूत काढतोयस?"

"बातमी."

"दुसरा स्रोत?"

"नाही."

"तू तुझ्या पेपरात ही छापली असतीस?"

"नसती छापली."

तिने मान हलवली. नदीतून एक मालवाहू बोट गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मृणाल तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "सासूबाईंना तू सांगशील का? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी माझ्यासाठी बनवलं."

मी त्याच संध्याकाळी कोल्हापूरला फोन केला. केदारच्या आईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तो कोण होता म्हणालात?" मी म्हणालो, एका राष्ट्राध्यक्षांचा ड्रायव्हर. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी मृणालला तो प्रश्न विचारलेला नाही, असं मृणाल सांगते.

मुलाखतीचा तपासलेला मजकूर पुढे संग्रहात जमा झाला. त्यात ती दोन वाक्यं नाहीत. वैद्यकीय अहवालाची प्रत मृणालला मिळाली. केदारचा मृत्यू अग्निशमन दल पोहोचण्यापूर्वी झाला होता, असं त्यात नमूद आहे. किती आधी, ते लिहिलेलं नाही.