आधी हातानं दोन फेरे

धानोऱ्यात आमच्या शेजारी एक मेकॅनिक राहतो. कुणाचीही गाडी असो, तो आधी विचारतो, "घाई हाय का?" हो म्हटलं की बाजेवर बसून निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागतो. नाही म्हटलं तरच बॉनेट उघडतो.

मागच्या रविवारी मी व्हिडिओ पाहून स्वतःच गाडीच्या इंजिनाचा दातेरी टायमिंग बेल्ट बसवला. ऐटीत गाडी चालू करणार, तोच त्यानं कुंपणापलीकडून येऊन किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"आधी हातानं दोन फेरे, सर."

त्यानं पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात ते अर्ध्यावर अडलं. त्यानं जोर लावला नाही. "व्हॉल्व्ह पिस्टनले टेकून राह्यला. चालू केली असती तं वाकलाच असता."

मी गणिताचा मास्तर, आणि मोजताना बेल्टचे तीन दात चुकलो होतो.

माझ्या बायकोकडून नेलपॉलिश मागून त्यानं खुणा केल्या, बेल्ट नीट बसवला आणि पुन्हा दोन फेरे मोजले. मी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यानं ती बायकोच्या हातात दिली.

"बाई, तुमी चालू करा. सरले अजून घाई हाय."