शिंदखेड्याच्या मुलीने धरलेली मनगटं

नव्या बॅटच्या रबरी ग्रिपचा वास आला की जळगावची ती दुपार आठवते. विद्यापीठाच्या बेसबॉल संघात एकच जागा उरली होती आणि दावेदार होतो दोघी, मी आणि शिंदखेड्याची एक मुलगी. तापलेल्या मैदानावर माझे सगळे फटके हुकत होते. पाणी प्यायला गेले, तेव्हा तिनेच माझी मनगटं धरली. म्हणाली, “हात आंगजोडे ठेव. पहिले कंबर फिरू दे, मंग हात. बॅट मांगून यी.” दोनदा तिने माझे हात अंगाजवळ धरून तसे फिरवून घेतले. पुढचा चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला आणि जागा मला मिळाली. मला तिच्याकडे बघवेना. तीच टाळ्या वाजवत जवळ आली. आज मी मुलींना हा खेळ शिकवून पोट भरते, ते तिने दिलेल्या त्या दोन मिनिटांवर.