खनिज भुकटी आणि हवालदारांचे चार किलो

त्या पंचनाम्याचा विषय निघाला की आज मला हसू येतं. तेव्हा मात्र आमच्या ठाण्यातल्या एका माणसाच्या जिवाची काळजी होती.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी होतो. खबर खबऱ्याकडून आली नाही. आमच्याच एका हवालदारांची पत्नी, ते समन्स बजावायला बाहेर गेल्याचं पाहून, माझ्याकडे आली.

"साहेब, ह्यांनी बीपीची गोळी सोडलीय. दोन महिने झाले. बाजारातल्या दुकानदाराकडची खनिज भुकटी घ्यायलेत. वजन उतरलं की बीपी आपोआप उतरतं म्हणे. काल जिन्यातच बसले, घाम पुसत."

"तुम्ही सांगून पाहिलंत का, वहिनी?"

"ठाण्यात ते आरोपीचंसुद्धा ऐकून घेतात म्हणतात. घरात माझं कोण ऐकायलंय?"

संध्याकाळी मी हवालदारांना बोलावलं. बावीस वर्षं नोकरी झालेला सरळ माणूस. "चार किलो उतरलो, साहेब," ते म्हणाले. "शहाण्णवचा ब्याण्णव झालो. दुकानाच्या वहीत नोंद हाय."

गोळी घ्या, हा हुकूम समजा, असं मी सांगितलं. ते "होय साहेब" म्हणाले आणि त्यांनी घेतली नाही. आकडा त्यांच्या बाजूने होता, आणि आकड्यापुढे मलाही फार बोलता येईना.

चार दिवसांनी एका शिंप्याने लेखी फिर्याद दिली. त्याच भुकटीचे दोन डबे संपवूनही त्याची पँट सैल व्हायच्या ऐवजी घट्ट झाली होती. आम्ही दुकानावर गेलो. हवालदार स्वतः गिऱ्हाईक असल्यामुळे पंचनामा मी माझ्या हाताने लिहिला. त्यांना फक्त माल मोजताना काटा धरायला लावलं.

दोन पंच घेतले. एक शेजारचा चहावाला आणि दुसरे पालमच्या एसटीची वाट पाहत बसलेले एक मेंढपाळ आजोबा. पंचाने माल स्वतः पाहायचा असतो. आजोबांनी पोत्यात हात घातला, चिमूट चोळली, वास घेतला.

"सायेब, ही तर आमच्या शेळ्यायची हाय."

"म्हणजे?"

"व्यालेल्या शेळीला पेंडीत कालवून देतो आमी. अंग धरती, दूध वाढतं. वाळलेली शेळी महिन्यात भरती."

मग काटा धरून उभ्या असलेल्या हवालदारांकडे त्यांनी पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "तुमी खायलेत व्हय ही?"

हवालदारांनी काटा दुसऱ्या हातात घेतला.

"मग गुण आला म्हणायचा," आजोबा म्हणाले.

मागच्या खोलीत पशुखाद्याची छापील रिकामी पोती मिळाली. नमुने सीलबंद करून तपासणीला पाठवले, गिऱ्हाइकांची वही आणि माणसांचा वजनकाटा जप्त केला आणि दुकानदाराला ठाण्यात आणलं. तो मुळीच घाबरलेला नव्हता.

"साहेब, मी जहर विकलं का? जनावराला चालतं ते माणसाला का चालू नये? अन् लोक उतरलेत. वही बघा."

वहीत सत्तावीस गिऱ्हाइकं होती. एकोणीस जणांचं वजन उतरलेलं. शेळी भरते आणि माणूस उतरतो, हे मला पटेना. दोनदा वही वाचल्यावर लक्षात आलं की वजनापुढे वेळही लिहिली आहे. पहिलं वजन प्रत्येकाचं संध्याकाळचं, दुसरं सकाळचं.

"दुसरं वजन सकाळीच का?"

"भुकटी अनशापोटी घ्यायची असते ना, साहेब."

मी हवालदारांकडे वळलो. "पहिल्यांदा काट्यावर उभे राहिलात तेव्हा अंगावर काय होतं?"

"ड्यूटीवरून येताना गेलतो. पाऊस होता."

"आणि दुसऱ्यांदा?"

"घर मागंच हाय, साहेब. लुंगी-बनियनवर गेलतो."

मी त्यांचा गणवेश, बूट, पट्टा, टॉर्च, लाठी आणि भिजवलेला रेनकोट असं सगळं जप्त केलेल्या काट्यावर ठेवलं. चार किलो सहाशे ग्रॅम. लुंगी-बनियन तीनशे. वजाबाकी हवालदारांनी स्वतः केली, दोनदा केली.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "मी तीनशे ग्रॅम वाढलो."

दुकानदाराने मान खाली घातली. ही युक्ती आपण मुद्दाम केल्याचं त्याने पुढे कबूल केलं.

मी हवालदारांना तसंच ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्तदाब एकशे ऐंशी, एकशे दहा. डॉक्टर म्हणाले, "लोह, कॅल्शियम कमी असेल तर तपासून आम्हीच देतो. पण त्याने चरबी उतरत नाही. आणि हे जनावरांचं मिश्रण; त्यात मीठ असू शकतं, ते तुम्हाला तर अजिबातच नको." हवालदारांनी गोळी तिथेच, उभ्याउभ्या घेतली. पुढे रोज तासभर चालून आणि रात्रीची एक भाकरी कमी करून तीन महिन्यांत त्यांचं वजन अडीच किलो उतरलं. ते मी स्वतः मोजलं, तिन्ही वेळा सकाळी आणि लुंगीवर.

नोकरीत मी साक्षीदार पुष्कळ तपासले; आकड्याची उलटतपासणी घ्यायला या प्रकरणाने शिकवलं. तो कधी घेतला, कुणी घेतला, अंगावर काय होतं, हे विचारल्याशिवाय मी तो मानत नाही. आपल्या सोयीचा असेल तर मुळीच नाही. हे मी आता सगळ्यांना सांगतो. फक्त घरी बायकोने काट्यावर उभं राहायला सांगितलं की आधी चष्मा काढून ठेवतो.