साडूंची एकखांबी कंपनी

आमच्या थोरल्या साडूंइतक्या शिस्तीने नोकरी सोडलेला माणूस उभ्या नाशकात दुसरा झाला नसेल. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत सिन्नरच्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडून, इंदिरानगरच्या बैठ्या घरात मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून ते 'छोट्या माणसांसाठी छोटी सॉफ्टवेअरं' करायला बसले, तेव्हा सासुरवाडीतल्या निम्म्या लोकांनी मला बाजूला घेऊन त्यांची तब्येत विचारली. त्यांनी नोकरी सोडली होती खरी, पण नोकरीने काही त्यांना सोडलं नव्हतं. रोज सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला बूट घालून, डबा घेऊन ते निघत, चौकापर्यंत जाऊन बसमधल्या जुन्या मित्रांना हात करत आणि परत येऊन मागच्या दाराने 'ऑफिसात' शिरत. पाच पावलांवर गरम पोळ्या होत असताना हा गृहस्थ साडेबाराला डबा उघडून गार पोळी आणि गवारीची भाजी खाई. एकदा मी भरदुपारी गेलो, तर त्यांनी मला पाच वाजेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं आणि पाचला येऊन, अरे, कधी आलास, असं मनापासून विचारलं. माझ्या मुलाच्या मुंजीसाठी त्यांनी स्वतःकडे एक दिवसाच्या रजेचा अर्ज केला आणि काम तुंबलंय म्हणून तो स्वतःच नामंजूर केला. मुंजीला ते खरंच आले नाहीत.

त्यांचं पहिलं सॉफ्टवेअर कुकरच्या शिट्ट्या मोजायचं. शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून धावत येऊन कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग पडद्यावर आकडा वाढे. थोरल्या मेव्हणीबाई दोनदा धावल्या, तिसऱ्यांदा डाळ करपली. दुसरं लग्नाच्या आमंत्रणांचं. कोणाला पत्रिका पोस्टाने चालेल, कोणाकडे अक्षत घेऊन जावं लागेल, कोण मागच्या लग्नापासून रुसलंय, असं सगळं त्यात भरलं होतं. त्याच्यावर विसंबून आमच्या मेव्हण्याच्या लग्नाला अख्खा जिल्हा बोलावला, फक्त नवऱ्यामुलाचा सख्खा मामा राहिला. मामा आजवर कधी रुसलेच नव्हते, त्यामुळे त्यांची नोंद नव्हती, असा खुलासा साडूंनी भर मांडवात केला. मामा रुसले. साडूंनी घरी जाऊन आधी नोंद केली.

वर्ष असं गेल्यावर मेव्हणीबाईंनी शांतपणे अट घातली. कारखान्यातल्या जुन्या साहेबांनी दसऱ्यापर्यंत त्यांची जागा रिकामी ठेवली होती. "तोवर नात्याबाहेरच्या एका तरी माणसाने तुमची वस्तू आपणहून वापरलेली मला दाखवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर परत बसमध्ये बसा." साडू हसले, पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला. मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

त्याच सुमाराला त्यांना चांदवडकडचे एक रोपवाटिकावाले अण्णा भेटले. कोणाला कुठल्या सणाला झेंडू हवा, त्यासाठी बी कधी टाकायचं, हे ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवत. मुलीच्या लग्नासाठी घराला चुना दिला आणि सगळ्या तारखा गेल्या. मुलीच्या क्लाससाठी घेतलेला कॉम्प्युटर तेवढा घरात पडून होता. साडूंनी महिनाभर खपून त्यांना एका फ्लॉपीवर, म्हणजे तेव्हाच्या त्या काळ्या चौकोनी तबकडीवर, सॉफ्टवेअर करून दिलं. फुलांची तारीख सांगा, पेरणीची तारीख घ्या. फ्लॉपी घालायची की ते सुरू. फ्लॉपी गेली, आणि नंतर चांदवडहून अवाक्षर नाही. साडू मात्र रोज बसला हात करून येत.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो होतो. साडू कोपऱ्यात, आता बसमध्ये खरंच बसायचं म्हणून, बुटांना पॉलिश करत होते. एवढ्यात दारात अण्णा, हातात झेंडूची पाटी, आणि पाटीत फुलांवर ती फ्लॉपी. तिच्यावर हळद, कुंकू, अक्षता. झाकण सरकवून आतल्या चकतीवरसुद्धा बोटं ओढलेली.

"काल खंडेनवमीला पूजा केली," अण्णा ओशाळून म्हणाले. "खुरपं, कात्री, फवारणीचा पंप, अन् ही. आता कंप्युटर तिला घेतच नाय. दुसरी द्या साहेब, तिच्याबिगर माझं लय अडतंय."

साडूंनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली. मेव्हणीबाईंनी ती नीट पाहिली, अण्णांना पाट दिला आणि आत जाता जाता म्हणाल्या, "अहो, साहेबांना फोन करा. जागा भरून टाका म्हणावं."

त्यानंतर साडूंनी कितीतरी सॉफ्टवेअरं केली, काही चालली, बरीच नाही चालली. ती फ्लॉपी त्यांनी पुसली नाही, आणि आता ती वाचणारं यंत्रही घरात उरलं नाही. दर खंडेनवमीला ती पाटावर येते, आणि साडू आग्रहाने मला पहिलं फूल वाहायला लावतात. मी सगळा जन्म इमानाने नोकरी केली, पेन्शनही घेतो. पण माझ्या घरच्या पाटावर काय मांडायचं ते मला अजून सुचत नाही, म्हणून त्या दिवशी मी सकाळीच इंदिरानगरला जातो.