आतल्या बाजूचं पाणी

“पाणी काचेच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, वहिनी, मग ठरवू दुखणं खिडकीचं आहे की खोलीचं,” असं काचवाला फोनवर म्हणाला होता.

सुनेला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. तिची तक्रार साधी होती. सासऱ्यांच्या खोलीतली दुहेरी काचेची खिडकी आठ-दहा दिवस रोज सकाळी घामेजलेली दिसायची, ओघळ उतरून खालच्या भिंतीचा रंग फुगला होता. शेजारणीनं छातीठोकपणे सांगितलं होतं की दोन काचांमधलं सील गेलं, आता काच बदलल्याशिवाय सुटका नाही. फोन कानाला लावूनच सून त्या खोलीत गेली आणि काचेवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. आतल्या बाजूला आहे, ती म्हणाली. त्यानं विचारलं, त्या खोलीत जळतं काय? गॅसचा हीटर, ती म्हणाली. दुपारी येतो, तोवर तो बंद ठेवा आणि दार उघडं ठेवा, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

तिनं हीटर बंद केला, दार उघडं टाकलं आणि स्वयंपाकघरात आली. ती ओट्यापाशी पोचायच्या आत मागे सासऱ्यांनी दार लावून घेतलं, आणि हीटरच्या खटक्याचा आवाज आला.

काचवाल्याला त्या भागात तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठीमागे फुंकऱ्या. कुठल्याही खिडकीपाशी गेला की पेटी उघडायच्या आधी तो काचेच्या अगदी जवळ तोंड नेऊन वाफ सोडायचा, ती विरते कशी ते बघत राहायचा आणि मनाशी काहीतरी ठरवायचा. मग काडी पेटवून काचेसमोर धरायचा. दुहेरी काचेत एका ज्योतीच्या चार ज्योती दिसतात, त्यांतली एखादी निराळ्या रंगाची असेल तर त्या काचेवर ऊब राखणारा पातळ थर आहे असं समजायचं. घरातली पोरं हा खेळ बघायला गोळा होत. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं, उरलेलं काचेच्या कारखान्यात राहिलं होतं. पोरांनी विचारलं तर तो म्हणायचा, पाचवी ज्योत बघायला गेलो होतो.

दोन काचांच्या मधे धुकं साठलं असेल तर तो सरळ सांगायचा की याला औषध नाही. कडेच्या पट्टीत ओल पिणारे बारीक मणी भरलेले असतात, त्यांचं पोट भरलं की काचेला मोतीबिंदू होतो. काही कारागीर काचेला बारीक भोक पाडून ती वाळवून देत. त्या कामाला तो हात लावत नसे. काचेची अख्खी जोडी काढायची, नवी बसवायची, कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चकत्या बरोबर ठेवायच्या, झालं. झडप खाली घासत असेल तर लोक तासायला सांगत, तो फक्त बिजागरीकडची एक चकती सरकवायचा आणि झडप पुन्हा हलकी व्हायची. कोपऱ्यातून वारा येत असेल तर रबर आखडलेलं असायचं. नवं रबर तो न ताणता, हातानं चेपत चेपत बसवायचा, कारण ताणून बसवलेलं रबर वर्षाच्या आत कोपरे सोडतं. आणि निम्म्या घरांत तर काहीच झालेलं नसायचं. चौकटीच्या तळाची पाणी जायची भोकं मातीनं बुजलेली असायची. ती तारेनं मोकळी करून, चहा पिऊन, खजील झालेल्या यजमानाची थट्टा करून तो निघायचा.

त्याची एकच खोड लोकांना कळत नसे. कडाका पडला की तो आधी काम केलेल्या घरांच्या घंट्या वाजवत फिरायचा. कुणी बोलावलेलं नसताना. सहज आलो म्हणायचा, खोलीत उभा राहून नाक वर करायचा, काचेला हात लावायचा आणि जायचा. काम मिळेनासं झालं की फुंकऱ्या वास घेत हिंडतो, असं लोक हसून म्हणत. गेल्या हिवाळ्यात तो याही घरी आला होता. सासऱ्यांनी दार चार बोटं उघडून, तुमचं काम ठणठणीत आहे, असं सांगून त्याला वाटेला लावलं होतं.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी होती. एकतीस वर्षं ते शीतगृहात होते, शेवटची बारा व्यवस्थापक म्हणून. तिथे उघडं राहिलेलं दार म्हणजे गुन्हा. एकदा आतल्या बाजूची कडी निकामी झाली आणि ते तीन तास आत राहिले. बाहेर काढलं तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. त्या तीन तासांबद्दल ते कधी बोलत नसत. फक्त निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली खोली हळूहळू बंद करत आणली. पातळ कागदाची एक पट्टी चिमटीत धरून ते चौकटीच्या कडेकडेनं फिरवत. पट्टी थरथरली तिथं फट. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काचवाल्याला बोलावून सगळ्या खिडकीचं रबर बदलून घेतलं होतं. तेव्हापासून पट्टी कुठेच हलत नसे. पाहुण्यांना ते ही न हलणारी पट्टी एखादं बक्षीस दाखवावं तशी दाखवत.

मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, महिन्यातून एकदा यायचा. घरात सासरे, सून आणि सहा वर्षांची नात. सासरे तिला खारूताई म्हणत. थंडी सुरू झाली तशी खारूताई आजोबांच्या खोलीत झोपायला लागली, कारण घरातली सगळ्यात उबदार खोली तीच होती. सून त्या व्यवस्थेवर खूश होती. पण गेले काही दिवस पोर सकाळी उठता उठत नव्हती. डोकं दुखतं म्हणायची, एकदा प्यायलेलं दूध उलटून पडलं. शाळेत गेली की तासाभरात ठणठणीत. बाईंनी सांगितलं, आमच्याकडे तर ही उड्या मारते. शाळेत न जाण्याचं सोंग आहे, सासरे म्हणाले, आणि सुनेलाही ते पटलं होतं. तिच्या मनात पोरीचे डोळे तपासून आणायचं होतं, तेवढंच राहिलं होतं.

काचवाला दुपारी तीनला आला. दारातच त्यानं बूट काढले, पेटी उचलली आणि सासऱ्यांच्या खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबला. सुनेनं पाहिलं की या वेळी तो काचेकडे गेलाच नाही. वाफ सोडली नाही, काडी पेटवली नाही. तो हीटरकडे बघत होता. जाळीमागची ज्योत निळी नव्हती. पिवळी, लांब, आळसटल्यासारखी होती, आणि वरच्या भिंतीवर धुराची एक जीभ उमटली होती. सुनेनं ती जीभ कितीदा पुसली होती. तिला तो डाग वाटत होता.

“या काचवाले,” सासरे खुर्चीतूनच म्हणाले. “तुमची काच रडायला लागली.”

“काच रडत नाही, साहेब. खोली रडते, काच नुसती दाखवते.”

सासरे हसले. त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि झडपेच्या कडेला धरली. कागद हलला नाही. बघा, दोन वर्षं झाली, ते म्हणाले, असं काम माझ्या शीतगृहात कुणी केलं असतं तर त्याला मी बढती दिली असती. काचवाल्यानं त्या न हलणाऱ्या कागदाकडे पाहिलं. मग त्यानं वाकून हीटर बंद केला, नळीचा कॉकही फिरवला, आणि खिडकीच्या चौकटीच्या माथ्यावरची लांबट चीर अर्ध्या बोटानं चाचपली. ती चीर पांढऱ्या सिलिकॉननं गच्च भरलेली होती. दारावरची हवा यायची जाळीही भरलेली होती. दाराच्या तळाला ब्रशची पट्टी मारली होती, आणि तिच्यावर वरून चिकटपट्टी.

त्यानं सुनेला विचारलं, इथं कोण झोपतं? तिनं सांगितलं. पोरीची तब्येत कशी आहे? तिनं तेही सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा स्वतःचा आवाज तिला दुरून येतोय असं वाटू लागलं. सकाळचं डोकं, दूध, शाळेतल्या उड्या. प्रत्येक गोष्ट तिनं पाहिलेली होती. एकाही गोष्टीला तिनं दुसरीच्या शेजारी ठेवलं नव्हतं.

काचवाल्यानं फार थोडक्यात समजावलं. गॅस जळताना पाणी होतं, ते काचेवर दिसतं. हवा पुरली नाही की ज्योत पिवळी पडते आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला फक्त झोप येते. तो म्हणाला, ही चीर चौकटीत मुद्दाम ठेवलेली असते, खोलीला श्वास घ्यायला. “ती मी बुजवली. साहेब म्हणाले इथून वारा येतो, आणि मला माहीत असून मी बुजवली. गिऱ्हाईक खूश होत होतं.”

“उत्तम केलंत,” सासरे म्हणाले.

“असंच एक घर होतं. दोघं म्हातारे. त्यांच्याकडेही मी असंच चोख काम केलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मला वाटलं, आणखी एखाद्या खिडकीचं काम असेल.”

सून पलंगाच्या कडेवर बसली. उशीवर लेकीचा एक लांब केस होता, तिनं तो उचलला आणि बोटाला गुंडाळत राहिली.

“पण आमच्याकडे काही झालं का?” सासऱ्यांनी विचारलं.

“अजून नाही.”

काचवाल्यानं पातळ पात्याचा चाकू काढला आणि चिरेतलं सिलिकॉन कापून काढलं. ते पांढऱ्या लांब दोऱ्यासारखं निघालं, कुठेही न तुटता. गार हवेची एक धार आत आली. सासऱ्यांनी डावा पाय ताबडतोब खुर्चीखाली ओढला. रागावून नव्हे, शांतपणे ते म्हणाले की कापा खुशाल. खणात चिकटपट्टीचे तीन बंडल आहेत, तुमची पाठ वळली की मी पुन्हा लावीन, आणि हीटरही लावीन. थंडी काय असते ते तुम्हा कुणाला माहीत नाही.

“बाबा, खारूताई झोपते इथं,” सून म्हणाली.

“म्हणूनच तर, सूनबाई. तिला गारठवू?”

त्यांच्या डोळ्यांत तिला खरंच माया दिसली, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. ते म्हणताहेत तसंच करणार हे तिला ठाऊक होतं. पोरीला आपल्याजवळ झोपवता येईल, पण ती झोपल्यावर या दारामागे काय जळतंय ते रोज कोण बघणार? नवऱ्याला फोन करावा तर तो म्हणणार, बाबांना जरा सांभाळून घे.

काचवाला सासऱ्यांशी वाद घालत बसला नाही. त्यानं खिडकीची वरची आडवी झडप उघडली, स्टुलावर चढला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढायला घेतले. सासऱ्यांना वाटलं चकती सरकवतोय. तिसरा स्क्रू खिशात गेला तेव्हा त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? चौथा निघाला. काचवाल्यानं दुहेरी काचेची ती अख्खी झडप दोन्ही हातांनी तोलून खाली घेतली. चौकटीत हातभर लांब भगदाड उरलं, आणि त्यातून थंडी आत आली. टेबलावरची कागदी पट्टी उडून पलंगाखाली गेली. बाहेर कुणीतरी मोटार सुरू करत होतं, तो आवाज खोलीत पहिल्यांदाच इतका जवळून आला.

“ठेवा ती खाली,” सासरे उभे राहिले. “माझी वस्तू आहे ती. ही चोरी आहे, काचवाले. सूनबाई, बाहेरचं दार उघडू नकोस.”

काचवाल्यानं पेटी खांद्याला अडकवली, झडप दोन्ही हातांनी छातीशी धरली. काचेवर अजून पाणी होतं, ते त्याच्या सदऱ्यात मुरत होतं. दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे बाहेरच्या दारापाशी जाऊन तो नुसता उभा राहिला. बुटांकडे त्यानं पाहिलं, मग तसेच पाय त्यांत सरकवले.

सासऱ्यांनी पुन्हा हाक मारली. सून पॅसेजमधून आली. एक क्षण ती त्याच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली, आणि मग कडी काढून तिनं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडून धरलं.

तो झडप सांभाळत बाहेर पडला.